आडोशाला ठेवलेले प्रेम

एप्रिल 2022 मध्ये ‘फँटॅस्टिक बीस्ट्स : द सिक्रेट्स ऑफ डंबलडोर’ हा चित्रपट चीनमध्ये दाखवला गेला, तेव्हा त्यातले सहा सेकंद कापलेले होते. चित्रपटाची लांबी दोन तास वीस मिनिटांहून अधिक. कापले गेले ते दोन लहानसे संवाद, ज्यांत हॅरी पॉटरचे गुरू आल्बस डंबलडोर गेलर्ट ग्रिंडेलवाल्ड या जादूगारावर आपले प्रेम होते हे स्वतःच्या तोंडाने सांगतात. निर्माती कंपनी वॉर्नर ब्रदर्सने खुलासा केला की चित्रपटाचा गाभा जसाच्या तसा आहे. या खुलाशावर पुष्कळांनी टीका केली. पण तो नीट वाचला तर त्यात तथ्य होते. ते दोन संवाद गेल्याने चीनमधल्या प्रेक्षकाला कथा समजायला कुठेही अडले नाही. ज्या प्रेमामुळे एका मोठ्या माणसाचे आयुष्य उलटेपालटे झाले, ते सहा सेकंदांत काढून टाकता आले आणि कथेला ओरखडाही उठला नाही. हे काम सेन्सॉरच्या कात्रीला एवढे सोपे का गेले, याचे उत्तर चीनमध्ये मिळत नाही. ते पंधरा वर्षे आधी छापलेल्या पुस्तकात शोधावे लागते.

मूळ पुस्तकांच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी या प्रेमाची गोष्ट जाहीरपणे सांगितली ती 19 ऑक्टोबर 2007 रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. मालिकेतले सातवे आणि अखेरचे पुस्तक, ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’, प्रसिद्ध होऊन तीन महिने झाले होते. प्रेमाच्या शक्तीवर इतकी श्रद्धा असलेले डंबलडोर स्वतः कधी कुणाच्या प्रेमात पडले होते का, असे एका तरुण वाचकाने विचारले. आपल्या मनातले डंबलडोर पहिल्यापासून समलिंगी आहेत आणि तरुणपणी ते ग्रिंडेलवाल्डच्या प्रेमात पडले होते, असे उत्तर रोलिंग यांनी दिले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी आणखी एक हकिकत सांगितली. सहाव्या चित्रपटाच्या संहितेचे वाचन चालू असताना डंबलडोर आपल्या तारुण्यातल्या एका मुलीची आठवण काढतात असे वाक्य आले. तेव्हा त्यांनी समासात डंबलडोर समलिंगी असल्याची टीप लिहून ती पटकथाकाराकडे सरकवली आणि ते वाक्य गेले.

म्हणजे लेखिकेला हे ठाऊक होते आणि पटकथाकाराला तिने कळवले होते. ठाऊक नव्हते ते फक्त वाचकाला. मग पुस्तकात नेमके आहे तरी काय?

जे आहे ते कसबाने लिहिलेले आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शाळा नुकतीच संपवलेला, अत्यंत बुद्धिमान आल्बस आईच्या मृत्यूमुळे घरी अडकून पडला आहे. धाकट्या आजारी बहिणीची, अ‍ॅरियानाची, जबाबदारी अंगावर आहे. बरोबरीचा मित्र जगप्रवासाला निघून गेला आहे. अशा वेळी गॉड्रिक्स हॉलोमध्ये शेजारच्या बाथिल्डा बॅगशॉट यांच्याकडे त्यांचा नातू लागणारा सोळा वर्षांचा ग्रिंडेलवाल्ड राहायला येतो. देखणा, हुशार आणि शाळेतून काढून टाकलेला. दोन महिने हे दोघे एकमेकांना सोडत नाहीत. बाथिल्डाबाई सांगतात की, दिवसभर बोलूनही यांचे बोलणे संपत नसे. रात्री कधीतरी गेलर्टच्या खिडकीवर घुबड चोच आपटताना ऐकू येई, आल्बसने पत्र पाठवलेले असे. एक जुना फोटो आहे, त्यात दोन मुलगे खळखळून हसत आहेत. पुढे आल्बसचा भाऊ अ‍ॅबरफोर्थ, आल्बस आणि ग्रिंडेलवाल्ड यांच्यात झुंज होते, तिच्यात अ‍ॅरियाना मरते आणि ग्रिंडेलवाल्ड पळून जातो. त्यानंतर कित्येक वर्षे, साऱ्या युरोपात त्याने धुमाकूळ घातलेला असतानाही, डंबलडोर त्याच्यासमोर उभे राहायचे टाळतात. शेवटी 1945 मध्ये त्याला हरवतात. आणि फार पुढे, नर्मेनगार्डच्या तुरुंगात म्हातारा झालेला ग्रिंडेलवाल्ड मालिकेतला खलनायक वोल्डेमॉर्ट याला डंबलडोरच्या कबरीतल्या कांडीबद्दल काही सांगत नाही, मरण पत्करतो.

रात्रीचे ते घुबड आमच्या मते या सगळ्यातली सर्वात बोलकी जागा आहे. दिवसभर ज्याच्याशी बोललो त्यालाच झोपण्याआधी आणखी काही सांगावेसे वाटणे, ही मैत्रीही असू शकते. पण प्रेमात पडलेल्या कुठल्याही अठरा वर्षांच्या मुलाला ती अवस्था ओळखता येते. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त काव्याचा आत्मा ध्वनी म्हणजे सूचित अर्थ आहे असे मांडले. त्या कसोटीवर हा भाग उतरतो. लेखिकेने बाहेरून काही चिकटवले, नंतर सुचलेली सारवासारव केली, हा आरोप म्हणून टिकत नाही. सहृदय वाचकाला ते प्रेम पानावरच जाणवू शकते, आणि एकदा जाणवले की डंबलडोर यांची सत्तेविषयीची भीती, मंत्रिपद नाकारणे, स्वतःच्या मोहावरचा अविश्वास या सगळ्याला नवा अर्थ येतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण या प्रश्नात आहे की, सूचना नेमकी कुणासाठी ठेवली. रोलिंग यांनी नंतर दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा होता की, लहान मूल ते पान वाचेल तेव्हा त्याला मैत्री दिसेल आणि जाणत्या प्रौढाला त्यातले आकर्षण कळेल. वरवर पाहता हे समंजस वाटते. पण पुस्तक मुलांचे आहे. जे मूल स्वतः तसे आहे, ज्याला आपल्यात काही वेगळे आहे याची कुणकुण अकराव्या-बाराव्या वर्षी लागली आहे आणि जे कुणाला विचारू शकत नाही, ते मूल या योजनेत कुठेच बसत नाही. त्याच्या हाती ते पुस्तक आहे, त्याने ते चारदा वाचले आहे, डंबलडोर त्याचे लाडके आहेत; आणि त्याच्यासाठी जी गोष्ट सर्वात मोलाची ठरली असती, तीच त्याच्या उंचीच्या वरच्या फळीवर ठेवलेली आहे.

याच पुस्तकातले दुसरे एक प्रेम शेजारी ठेवून पाहावे. सेव्हरस स्नेपने हॅरीच्या आईवर, लिलीवर, लहानपणापासून केलेले एकतर्फी प्रेम हेही सात पुस्तकांतले मोठे गुपित आहे. तेही सुरुवातीपासून इशाऱ्यांनी पेरलेले आहे. पण ते उलगडायची वेळ येते तेव्हा रोलिंग हात आखडता घेत नाहीत. एक अख्खे प्रकरण त्याला दिलेले आहे. स्नेप मरताना आपल्या आठवणी हॅरीला देतो आणि हॅरीबरोबर आपण सगळे पाहतो : झुडपाआडून खेळ बघणारा मुलगा, शाळेत तुटलेली मैत्री, लिलीच्या मृत्यूनंतरचा आक्रोश, आणि इतक्या वर्षांनंतरही ते प्रेम टिकून असल्याची कबुली. जगभरच्या वाचकांचे डोळे इथे पाणावले. ही कबुली स्नेप ज्यांच्यापुढे देतो ते गृहस्थ आहेत डंबलडोर. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या प्रेमाची साक्ष ते ऐकतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. मग दोनच प्रकरणांनंतर, मरणानंतरच्या त्या पांढऱ्या धूसर स्टेशनात, हॅरीपुढे ते स्वतःच्या आयुष्याचा कबुलीजबाब देतात. तिथे ते सत्तेचा मोह सांगतात, घरी अडकल्याचा राग सांगतात, बहिणीच्या मृत्यूचे ओझे सांगतात, ग्रिंडेलवाल्डच्या कल्पनांनी आपण कसे पेटून उठलो तेही सांगतात. ते मेलेले आहेत, समोर त्यांचा सर्वात लाडका विद्यार्थी आहे, लपवण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही त्या एका गोष्टीपाशी त्यांची जीभ अडखळते.

स्नेपला प्रकरण आणि डंबलडोरला एका वाक्याचीही जागा नाही. कथेच्या दृष्टीने दोन्ही प्रेमांचे वजन सारखे आहे. स्नेपचे प्रेम नसते तर हॅरी जगला नसता. डंबलडोरचे प्रेम नसते तर ग्रिंडेलवाल्ड इतकी वर्षे मोकाट राहिला नसता. एकाचा उच्चार होतो आणि दुसऱ्याचा होत नाही, तेव्हा कलात्मक संयम हे त्याचे पुरेसे कारण असू शकत नाही. संयम असता तर तो दोघांनाही लागू झाला असता.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्या दोन महिन्यांची बहुतेक माहिती आपल्यापर्यंत येते ती रीटा स्कीटर या बातमीदार बाईच्या चरित्रग्रंथातून. रीटा खोटेनाटे रंगवणारी, लोकांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणारी, हे आपल्याला चौथ्या पुस्तकापासून माहीत आहे. ती जे सुचवते त्याचा तिटकारा करायला वाचक शिकलेला असतो. घुबडाची ती नाजूक आठवण आणि तो हसरा फोटो तिच्याच पुस्तकात आहेत. प्रेमाचा एकमेव पुरावा कुचाळखोराच्या हाती दिल्याने, त्या पुराव्याकडे मायेने पाहणे मुलाला फार अवघड होते. शिवाय त्या प्रेमाचा शेवट बहिणीच्या मृत्यूत, पश्चात्तापात आणि जन्मभराच्या एकटेपणात होतो. समलिंगी माणसाचे प्रेम म्हणजे घोडचूक आणि तिची शिक्षा, हा साचा जुन्या कादंबऱ्या-चित्रपटांनी घासून गुळगुळीत केलेला आहे. डंबलडोर हे मालिकेतले एकटेच समलिंगी पात्र असल्यामुळे तो साचा इथे अधिक टोचतो. दुसरे एखादे सुखी जोडपे कोपऱ्यात कुठे असते, तर एवढे बोलायची वेळ आली नसती.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो घेणाऱ्यांत सद्हेतूने बोलणारे पालक पुष्कळ असतात : मुलांच्या पुस्तकात लैंगिकता आणायचीच कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ द्यावे. हॅरी पॉटरची सात पुस्तके प्रेमाने भरलेली आहेत. रॉन आणि हर्मायनी यांची धुसफूस, हॅरी आणि जिनी, बिल आणि फ्लरचे मांडव घालून झालेले लग्न, ल्युपिन आणि टाँक्स, आणि अखेरीस एकोणीस वर्षांनंतर रेल्वे फलाटावर आपापल्या मुलांना शाळेत सोडायला आलेली जोडपी. या कशालाही कुणी लैंगिकता म्हटले नाही. आपणही म्हणत नाही, कारण ते तसे नाहीच; ती माणसांची एकमेकांवरची माया आहे. डंबलडोर यांचे अठराव्या वर्षीचे प्रेम त्याच मापाने मोजायला हवे. त्याला वेगळे माप लावणारे आपण आहोत. मुलाच्या मनात ते माप आधीपासून नसते.

सूचकतेला नेहमीच दोष द्यावा असे मात्र नाही. कधी कधी आडोसा हीच एकमेव जागा असते. फिनलंडच्या टोव्हे यान्सन यांनी मूमिन कुटुंबाच्या गोष्टी लिहिल्या तेव्हा त्यांच्या देशात समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि तो कायदा स्त्रियांनाही लागू होता. तो 1971 पर्यंत टिकला. 1948 च्या पुस्तकात त्यांनी टॉफस्लान आणि विफस्लान नावाचे दोन इवलेसे जीव आणले. हातात हात घालून फिरणारे, आपल्याच चमत्कारिक बोलीत बोलणारे, एक सुटकेस कधीही न सोडणारे. ती नावे टोव्हे आणि त्यांची प्रेयसी, नाट्यदिग्दर्शिका विविका बांडलर, यांच्या नावांवरून घेतलेली होती. सुटकेसमध्ये एक लखलखते माणिक असते, जे ते सहसा कुणाला दाखवत नाहीत. मूमिन कुटुंब या दोघांना घरात ठेवून घेते, जेवू घालते, आणि तुम्ही एकमेकांचे कोण असे विचारत नाही. पुढे 1957 च्या हिवाळ्याच्या गोष्टीत टू-टिकी आली, शांत, व्यवहारी आणि बर्फात एकट्या पडलेल्या मूमिनपोराला धीर देणारी. ती टोव्हे यांच्या आयुष्याची जोडीदार तूलिक्की पिएतिला हिच्यावरून रेखाटलेली होती. ज्या काळात उघड बोलणे म्हणजे पोलिसांना निमंत्रण, त्या काळात एका लेखिकेने आपले सुख मुलांच्या पुस्तकात असे सांभाळून ठेवले. त्या आडोशात धैर्य होते. शिवाय त्या गोष्टींमध्ये प्रेम करणाऱ्यांच्या वाट्याला शिक्षा येत नाही, आसरा येतो. हा फरक लहान मुलाला नाव-गाव माहीत नसतानाही पोचतो.

ब्रिटनमध्येही काळ सोपा नव्हता. स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीच्या कायद्यातले 28 वे कलम 1988 मध्ये आले. नगरपालिकांनी समलिंगीपणाला उत्तेजन देऊ नये आणि तसे कुटुंब हे मान्य करण्याजोगे कुटुंब आहे असे शाळांतून शिकवले जाऊ नये, असा त्याचा रोख होता. त्यामागच्या वादंगाला एक कारण झाले होते मुलांचेच एक पुस्तक : आपल्या वडिलांबरोबर आणि त्यांच्या जोडीदाराबरोबर राहणाऱ्या जेनी नावाच्या मुलीची, डेन्मार्कहून आलेली साधी सचित्र गोष्ट. या कलमाखाली कुणाला शिक्षा झाली नाही, पण भीती पुरेशी होती. शिक्षक गप्प झाले, ग्रंथपाल जपून पुस्तके घेऊ लागले. स्कॉटलंडने ते कलम 2000 मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने नोव्हेंबर 2003 मध्ये रद्द केले. हॅरी पॉटरची सातपैकी पाच पुस्तके इंग्लंडच्या शाळांत पोचली ती हे कलम जिवंत असताना. प्रकाशकांना ते बांधील नव्हते हे खरे. पण मुलांच्या पुस्तकांची मोठी गिऱ्हाइके शाळा आणि वाचनालये असतात, आणि तिथले वारे प्रकाशकाला कळतात. रोलिंग यांनी सुरुवातीला हातचे राखून लिहिले असेल तर ते समजण्यासारखे आहे. सातवे पुस्तक आले ते मात्र 2007 मध्ये. कलम जाऊन चार वर्षे झाली होती, आणि तोवर त्या जगातल्या सर्वात प्रबळ लेखिका होत्या. त्यांचे एक वाक्य गाळायला सांगण्याची छाती कुठल्या प्रकाशकाला झाली असती?

आणि कलम लागू असतानाही, त्याच देशात, दुसऱ्या एका लेखकाने ते लिहून दाखवले होते. फिलिप पुलमन यांची ‘द अँबर स्पायग्लास’ ही कादंबरी 2000 साली आली. तिच्यात बाल्थामॉस आणि बारूख असे दोन देवदूत आहेत, दोघेही पुरुष. विल हा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर प्रवास करतो. दोघांची ताटातूट होऊन पुन्हा गाठ पडते तेव्हा ते ज्या ओढीने एकमेकांना मिठी मारतात, ती विल पाहतो आणि त्याला कळते की यांचे एकमेकांवर नितांत प्रेम आहे. निवेदन हे सरळ सांगते आणि पुढे सरकते. विलला धक्का बसत नाही, त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. पुढे बारूख दूर कुठेतरी मारला जातो. त्याच क्षणी, मैलोगणती लांब असलेल्या बाल्थामॉसला ते जाणवते. तो ओरडतो, आकाशात झेपावतो आणि ढगांत हुंदके देत भरकटत राहतो. इथेही शेवट मृत्यूचाच आहे. पण हा मृत्यू त्या प्रेमाची शिक्षा म्हणून येत नाही, युद्धात येतो, आणि मागे राहिलेल्याचा शोक लेखक आपल्याला पुरेपूर पाहू देतो. जोडीदार गमावलेल्या कुणाही माणसाचा शोक असतो तसा तो आहे. या पुस्तकाला व्हिटब्रेड पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला, जो त्याआधी मुलांच्या कुठल्याही पुस्तकाला मिळाला नव्हता. पुलमन यांच्यावर चर्चवाल्यांनी टीकेची झोड उठवली ती देवाविषयीच्या मांडणीमुळे. दोन देवदूतांच्या प्रेमाने मुले बिघडल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही.

अमेरिकेत रिक रिओर्डन यांनी तर आणखी पुढचे पाऊल टाकले. रिओर्डन आधी शाळेत शिकवत. त्यांच्या पर्सी जॅक्सनच्या जगातला निको दि अँजेलो हा हेडीस या ग्रीक देवाचा मुलगा 2007 पासून वाचकांच्या ओळखीचा होता : चिडका, एकलकोंडा, पर्सीवर कसलासा राग धरून असलेला. 2013 च्या ‘द हाऊस ऑफ हेडीस’मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्याच्या अवशेषांत, निकोची गाठ प्रत्यक्ष कामदेवाशी पडते. हा देव गोंडस नाही. तो अदृश्य राहून निकोला भिंतींवर आपटतो आणि खरे बोल म्हणून छळतो. निको शेवटी कबूल करतो की राग नव्हताच, पर्सीवर त्याचा जीव जडला होता. कबुली काढून घेण्याची ही रीत निर्दय आहे, आणि ती तशी आहे हे पुस्तकाला माहीत आहे. बरोबरचा जेसन हे सगळे पाहतो, आणि निकोचे गुपित आपल्यापाशीच ठेवतो. आधीची पाच-सहा पुस्तके वाचलेल्या मुलाला निकोचे जुने वागणे एकदम उमगते. इथे सूचना आणि उच्चार एकमेकांच्या मदतीला येतात. वर्षानुवर्षे पेरलेल्या इशाऱ्यांना शेवटी फळ धरते, आणि ते वाचकाच्या हाती पडते. निकोला पुढे चांगला जोडीदारही मिळतो. रोलिंग यांनी डंबलडोरबाबत जे करायला हवे होते ते हेच : इशारे तसेच ठेवून, शेवटी एकदा उच्चार.

2022 च्या त्या दोन संवादांपर्यंत त्यांनी नंतरही ते केले नाही, याची खंत अधिक आहे, कारण संधी पुन्हा पुन्हा आली. 2018 च्या ‘द क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड’ची पटकथा त्यांचीच होती. चित्रपट यायच्या आधीच दिग्दर्शक डेव्हिड येट्स यांनी सांगून टाकले की त्यात हे उघडपणे दाखवलेले नाही. पडद्यावर डंबलडोर जादूच्या आरशासमोर उभे राहतात आणि आरशात ग्रिंडेलवाल्ड दिसतो. आम्ही भावांपेक्षाही जवळचे होतो, असे ते म्हणतात. समजणाऱ्याने समजावे, न समजणाऱ्याने सोडून द्यावे. 2016 च्या ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकातही हॅरीचा मुलगा आल्बस आणि मॅल्फॉयचा मुलगा स्कॉर्पियस यांच्यातली ओढ इतकी उत्कट होती की प्रेक्षकांना ती मैत्रीपलीकडची वाटली. मूळ नाटकाने तिकडे काणाडोळा केला. 2021 मध्ये न्यूयॉर्कला तेच नाटक एका भागात बसवले तेव्हा मजकूर बदलून ते प्रेम बरेच स्पष्ट केले गेले, आणि प्रयोग सुखेनैव चालू राहिला. स्पष्ट केले म्हणून आभाळ कोसळले नाही.

ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबाबत रोलिंग यांनी गेल्या काही वर्षांत घेतलेल्या भूमिकेमुळे, 2007 मध्ये त्यांच्या उत्तराला टाळ्या वाजवणारे कितीतरी वाचक आज त्यांच्यापासून दुरावले आहेत. तो वाद मोठा आहे आणि स्वतंत्र आहे. त्याच्यामुळे 2007 च्या पुस्तकातली पाने अधिक चांगली किंवा अधिक वाईट ठरत नाहीत. पानांचा हिशेब पानांवरच मांडावा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. सेन्सॉरला सहा सेकंद पुरले, कारण पुस्तकापासून चित्रपटापर्यंत हे प्रेम कथेच्या पाठीच्या कण्यात कधी बसवलेच नव्हते. स्नेपचे प्रेम असे कापून पाहावे, सातवे पुस्तक कोलमडते. सूचकतेचा फायदा स्वतः तसे असलेल्या त्या मुलाला झाला नाही. तो झाला तिकीटविक्रीला. ज्या देशात टाळ्या मिळतील तिथे डंबलडोर समलिंगी, ज्या देशात परवाना अडेल तिथे नुसते जिवलग मित्र. आणि समलिंगी प्रेम दाखवणारी पुस्तके अडवणाऱ्यांचे हात आज आखडलेले नाहीत. हंगेरीत 2021 च्या कायद्यानंतर मुलांसाठीच्या अशा पुस्तकांना बंद वेष्टनात विकायची सक्ती आली. ‘हार्टस्टॉपर’ ही दोन शाळकरी मुलग्यांच्या प्रेमाची सचित्र मालिका वेष्टनाशिवाय विकली म्हणून तिथल्या एका मोठ्या पुस्तकविक्रेत्या साखळीला 2023 मध्ये 1 कोटी 20 लाख फोरिंटांचा दंड झाला. अशा वातावरणात लेखक आणि प्रकाशकांनी नामानिराळे राहणे म्हणजे कात्रीवाल्यांचे काम हलके करणे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे दूरचे वाटायला नको. सातव्या पुस्तकासाठी पुण्या-मुंबईच्या दुकानांसमोर मुले पहाटे रांगा लावून उभी होती, आणि ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत वाचलेली मुलेही आज कर्ती झाली आहेत. कार्नेगी हॉलमध्ये टाळ्या पडल्या तेव्हा भारतात 1860 सालच्या दंडसंहितेचे 377 वे कलम लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्याची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती परत दिली आणि अखेर 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढले. विवाहाचा हक्क 2023 मध्ये नाकारला गेला, पण आज कुणाचे प्रेम गुन्हा उरलेले नाही. मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्येच आणली, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 मध्ये आली. मोठ्यांच्या साहित्याने हे दार केव्हाच उघडले. बालकुमारांच्या मराठी पुस्तकांत मात्र असा एखादा मामा, एखादी शेजारची ताई, राक्षसाशी लढणारा एखादा राजपुत्र शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. आपल्या बालसाहित्यिकांनी ही उणीव मनावर घ्यावी. त्यासाठी प्रचारकी गोष्टी लिहायची गरज नाही. विलला जसे दोन देवदूत दिसले, तसे एखाद्या साहसकथेत सहज, एका ओळीत दिसले तरी चालेल. पण ती ओळ छापलेली असावी, मुलाखतीसाठी राखून ठेवलेली नसावी.

आणि पालकांना, शिक्षकांना, ग्रंथपालांना एक विनंती. पुस्तक वाचता वाचता मुलाने मान वर करून विचारले की, डंबलडोर यांचे ग्रिंडेलवाल्डवर प्रेम होते का, तर विषय बदलू नका, मोठा झालास की कळेल असे म्हणू नका. हो, होते, असे सांगा आणि त्याला पुढचे पान वाचू द्या.